टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

सन्माननीय डॉक्टरमंडळी,

स. न. वि. वि.

मी टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषांच्या मुख्य हॉर्मोनच्या, इंजेक्शनवर जगणारा माणूस आहे. हौस म्हणून नाही आणि जिमसाठी तर नाहीच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ झाली, ती शस्त्रक्रियेने काढली आणि गाठीबरोबर ग्रंथीचं कामही गेलं. वृषणं जागच्या जागी, धडधाकट. पण त्यांना कामाला लावणारा वरचा हुकूम येणं बंद झालं. इतर पुरुषांच्या शरीरात जे आपोआप तयार होतं ते तेव्हापासून माझ्या शरीरात सुईने जातं, आणि जन्मभर जाणार आहे. तेव्हा हे पत्र औषधाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. या औषधाने मला दाढी, हाडांची ताकद आणि बायकोजवळ जाण्याची इच्छा परत दिली. भरदुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटायचे, ते थांबलं. त्याचे उपकार मी नाकारणार नाही.

पत्र लिहायला लावलं ते माझ्या भाच्याच्या फायलीने. "मामा, तू हेच घेतोस ना? जरा बघ," म्हणून त्याने ती माझ्या हातात दिली. वय तिशीच्या आत, लग्न नुकतंच झालेलं, रात्रपाळीची नोकरी, सतत थकवा. फायलीत एकच रिपोर्ट, टोटल टेस्टोस्टेरॉनचा. नमुना घेतल्याची वेळ दुपारी ४ वाजून ४० मिनिटं. आकडा छापलेल्या खालच्या मर्यादेच्या जेमतेम खाली, शेजारी ठळक अक्षरात 'लो', आणि त्या 'लो'भोवती पेनाने गोल. चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन २५० मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, अशी सहा इंजेक्शनं. त्यातलं पहिलं टोचूनही झालं होतं.

"मुलाबाळांचं काही विचारलं का रे?" नाही. "तपासलं?" बीपी बघितलं. "झोपेचं विचारलं?" तेही नाही.

ही एकाच दवाखान्याची गोष्ट असती तर मी तिथे जाऊन बोललो असतो. पण माझ्यासारखे इंजेक्शन घेणारे जे जे भेटतात त्यांच्याकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकतो आहे, आणि माझ्याही वाट्याला यातलं बरंच काही आलेलं आहे. म्हणून हे जाहीर पत्र. तुमच्यापैकी जे नीट काम करतात त्यांनी हे स्वतःला लावून घेऊ नये. अशाच एका डॉक्टरांमुळे माझी दृष्टी शाबूत आहे.

पहिली तक्रार निदानाची. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढतो तसं उतरतं, तरुणांमध्ये तर जास्तच. पोटात अन्न गेलं की ते खाली येतं, जागरणाने येतं, ताप किंवा मोठं आजारपण असलं तरी येतं. म्हणूनच हॉर्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासा, आणि लक्षणं व आकडे दोन्ही जुळले तरच निदान करा. रात्रपाळी करून आलेल्या पोराचं रक्त दुपारी काढून त्यावर उपचार ठरवणं याला निदान म्हणता येत नाही. त्यातही मर्यादा कोणती धरायची? निरोगी, सडपातळ तरुणांवरून काढलेली खालची मर्यादा २६४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर आहे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० धरते. वजन जास्त असेल तर हॉर्मोनला रक्तात धरून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी होतं आणि टोटलचा आकडा उगाच लहान दिसतो. अशा वेळी फ्री, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं मोकळं, टेस्टोस्टेरॉन बघावं लागतं. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, आणि राग त्याचाच येतो.

आकडा खरंच कमी असेल तर पुढचा प्रश्न 'का' हा. त्यासाठी एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना हुकूम देणारी पिट्युटरीची हॉर्मोनं, मोजावी लागतात. ते वाढलेले असतील तर दोष वृषणात: क्लाइनफेल्टर सिंड्रोम (त्याबद्दल पुढे), गालगुंडाने वृषणांना आलेली सूज, केमोथेरपी. कमी किंवा 'नॉर्मल'च असतील तर दोष वर, आणि मग प्रोलॅक्टिन, पिट्युटरीचे बाकीचे हॉर्मोन, गरज पडली तर एमआरआय. माझी कहाणीही थकव्यापासूनच सुरू झाली. पहिल्या ठिकाणी 'ताकदीची' औषधं मिळाली. दुसऱ्या डॉक्टरांनी मी खोलीत शिरताना दाराच्या चौकटीला खांदा घासला हे पाहिलं, खुर्चीवर बसवून दोन्ही बाजूंना बोटं हलवली आणि विचारलं, "दिसतात का?" कडेची दिसत नव्हती. गाठ डोळ्यांच्या नसांवर दाब देत होती. त्या दिवशी मला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचलं असतं तर कदाचित बरंही वाटलं असतं, आणि गाठ आत वाढत राहिली असती.

आणि अंगाला हात लावून तपासा हो. क्लाइनफेल्टर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त असणं, साधारण ६०० मुलग्यांमागे एकात आढळतं आणि त्यातल्या अनेकांना ते आयुष्यभर कळत नाही. लहान, टणक वृषणं हातालाच कळतात, मिनिटभराचं काम आहे. पण रुग्ण लाजतो, डॉक्टर त्याच्याहून जास्त लाजतात, पट्टा काही सुटत नाही आणि चिठ्ठी लिहून होते.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी, तिच्यासाठी थोडा वेळ घेतो.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मूल होण्याची शक्यता वाढत नाही, ती बंद होते. टाकी भरली की मोटर आपोआप बंद पडावी तसं हे आहे: रक्तात हॉर्मोन पुरेसं दिसलं की मेंदू एलएच आणि एफएसएच पाठवणं थांबवतो. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं, तेव्हा कुठे शुक्रजंतू तयार होतात. एलएच थांबलं की आतलं ते प्रमाण कोसळतं आणि शुक्रजंतू तयार होईनासे होतात. सुईतून रक्तात गेलेलं औषध ती तूट भरून काढू शकत नाही. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉन एनान्थेट (इंजेक्शनमधलं टेस्टोस्टेरॉनचं एक रूप) पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम दिलं गेलं आणि बहुसंख्यांचे शुक्रजंतू काही महिन्यांत शून्यावर आले. गर्भनिरोधक म्हणून ज्याचा विचार झाला ते औषध तुम्ही नवविवाहित मुलाला, 'मूल कधी हवंय?' हे न विचारता देता.

माझ्या बाबतीत हेच झालं. शस्त्रक्रियेनंतर हॉर्मोनची बाजू ज्यांच्याकडे गेली त्यांनी सरळ टेस्टोस्टेरॉन सुरू केलं. आम्हाला मूल हवं होतं, ते फायलीत पहिल्या पानावर लिहिलेलंही होतं. मग दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू झाल्या, त्या बायकोच्या. तिच्या नळ्या तपासल्या, तिची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा झाली, तिला गोळ्या सुरू झाल्या आणि त्या गोळ्यांनी तिचं डोकं दुखायला लागलं. ती टेबलावर पडलेली असायची आणि कारण दर पंधरा दिवसांनी माझ्या कंबरेत टोचलं जात होतं. तुम्ही कोणती औषधं घेता, हे मला त्या काळात कुणी विचारलं नाही. अखेर प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी माझा शून्य आलेला रिपोर्ट देताना सहज विचारलं, "काही इंजेक्शनं चालू आहेत का?" त्यांचा तो प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी विचारायला हवा होता.

माझ्यासारख्या, पिट्युटरी बंद पडलेल्या पुरुषासाठी रस्ता होता आणि आहे: एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं. ती वृषणांना थेट कामाला लावतात, टेस्टोस्टेरॉनही वाढतं आणि शुक्रजंतूही तयार होतात. महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, पण घेता येतात. आमची मुलगी त्यावरच झाली. काही पुरुषांत क्लोमिफेन नावाची गोळी चालते. दुसरं काहीच जमणार नसेल तर निदान पहिल्या सुईआधी शुक्रजंतू गोठवून ठेवण्याचा सल्ला तरी द्या. औषध बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात हे खरं आहे. पण त्याला महिने जातात, कधी वर्षाहून जास्त, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्यांना खात्री देता येत नाही. 'नजीकच्या काळात मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरू करू नका' हे तुमच्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. चिठ्ठीवर त्याची एक ओळ का नसावी?

तिसरी तक्रार डोसची. एनान्थेट आणि सिपिओनेट ही तेलातली इंजेक्शनं स्नायूतून हळूहळू रक्तात उतरतात. तरी २०० किंवा २५० मिलिग्रॅम एकदम दिलं की पहिले दोन-तीन दिवस पातळी निरोगी माणसाच्या वरच्या मर्यादेपलीकडे जाते आणि दुसरा आठवडा संपता संपता पुन्हा तळाला येते. हे कागदावर एक वळणदार रेघ म्हणून दिसतं. घरात असं दिसतं: सुरुवातीच्या दिवसांत कुणी दार जोरात लावलं तरी मी अंगावर जायचो, आणि शेवटच्या दिवसांत जेवणाचं ताट समोर असताना पेंगायचो. बायकोला माझ्या सुईची तारीख लक्षात ठेवावी लागत नसे. दर आठवड्याला निम्मा डोस घेतला की हे चढउतार बरेच सपाट होतात. ७५ ते १०० मिलिग्रॅम आठवड्याला, किंवा १५० ते २०० दोन आठवड्यांनी, असे दोन्ही पर्याय सूचनांत आहेत. रुग्णाला मात्र पंधरा दिवसांचा एकच माहीत असतो. दर तीन-चार आठवड्यांनी एक टोचणारेही भेटले आहेत, त्यांच्या रुग्णांची मला कीव येते. चार एस्टरांचं (एनान्थेटसारख्या टेस्टोस्टेरॉनच्या रूपांचं) मिश्रण असलेलं इंजेक्शन 'महिनाभर सारखं चालतं' म्हणून दिलं जातं, पण त्यातले लवकर उतरणारे घटक सुरुवातीला उसळी देतातच.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट. उपचार सुरू असताना पातळी कधी मोजायची? एनान्थेट-सिपिओनेटसाठी दोन सुयांच्या बरोबर मध्ये, आणि लांब पल्ल्याच्या अनडेकॅनोएटसाठी पुढच्या सुईच्या आधी. मला वर्षानुवर्षं 'सवडीने करून या' असं सांगितलं गेलं. सवडीने केलेल्या त्या रिपोर्टचा उपयोग शून्य. सुईनंतर तिसऱ्या दिवशी काढलं तर भरपूर, तेराव्या दिवशी काढलं तर कमी, आणि त्यावरून डोस एकदा खाली, एकदा वर.

चौथी तक्रार लहान आहे पण जिवाशी गाठ घालणारी. टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं, आणि जेलपेक्षा इंजेक्शनने ते जास्त होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवायचं, खाली आल्यावर कमी डोसने सुरू करायचं, हा नियम आहे. त्यासाठी लागते ती साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी: सुरू करण्याआधी, तीन ते सहा महिन्यांनी, मग दर वर्षी. रात्री घोरून श्वास अडकणाऱ्या माणसात धोका आणखी वाढतो. भाच्याच्या फायलीत सीबीसी नव्हती. वयस्कांच्या बाबतीत प्रोस्टेटचं आणि पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचं बोलणंही आधी व्हायला हवं. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असेल तर हे औषध द्यायचंच नसतं.

पाचवी, टोचण्याच्या खोलीतली. अनडेकॅनोएटचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन एरंडेल तेलात असतं, १००० मिलिग्रॅमला तब्बल चार मिलिलीटर. ते दोन मिनिटं घेऊन सावकाश टोचायचं असतं. तेलाचा अंश फुप्फुसांत गेला तर लगेच खोकल्याची उबळ येते, दम लागतो, घसा आवळतो. क्वचित तीव्र ॲलर्जीही होते. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१४ साली त्याला मान्यता देताना रुग्णाला सुईनंतर ३० मिनिटं तिथेच बसवून ठेवण्याची अट घातली. मला सिस्टरने घाईत टोचलं, कापूस दाबला आणि "झालं, या" म्हणाल्या. जिन्यात खोकल्याने मी खाली बसलो. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. एनान्थेट बहुधा तिळाच्या तेलात, सिपिओनेट सरकीच्या तेलात, काही मिश्रणं शेंगदाण्याच्या तेलात असतात. ॲलर्जी आहे का, हा प्रश्न मला कधीच कुणी विचारलेला नाही.

शेवटची तक्रार तुमच्यातल्या जाहिरातबाजांसाठी. 'थकवा? चिडचिड? पोट सुटलंय? पुरुषत्व परत मिळवा!' ही यादी वाचून कोणता चाळिशीतला माणूस स्वतःला आजारी समजणार नाही? १८८९ साली ब्राउन-सेकार नावाच्या नामवंत शास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी कुत्र्यांच्या आणि गिनिपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परत आल्याचं जाहीर केलं होतं. त्या पाण्यातल्या अर्कात हॉर्मोन जवळपास नव्हतंच. टेस्टोस्टेरॉन वेगळं करायला १९३५ उजाडावं लागलं. वाटणं किती जोरदार असतं ते यावरून बघा. २०१६ मध्ये ६५ वर्षांवरच्या, पातळी कमी असलेल्या ७९० पुरुषांवरच्या चाचण्यांचे निकाल आले: कामेच्छा माफक सुधारली, थकव्यावर म्हणावा तसा फरक पडला नाही. नुसत्या वयामुळे उतरलेल्या पातळीसाठी हे औषध मंजूर नाही, असं एफडीएने २०१५ मध्येच लेबलवर लिहायला लावलं.

हल्ली २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीचा दाखला दिला जातो: 'हृदयाला धोका नाही, सिद्ध झालं.' ती चाचणी मीही वाचली. ५,२४६ पुरुष, आणि औषध होतं जेल, इंजेक्शन नव्हे. पातळी मोजून डोस ठरवला जात होता. हार्ट अटॅक-पक्षाघात वाढले नाहीत हे खरं. पण हृदयाची अनियमित लय, मूत्रपिंडाची अचानक इजा आणि फुप्फुसातल्या गुठळ्या औषध घेणाऱ्यांत जास्त दिसल्या. तो अर्धा भाग जाहिरातीत का येत नाही?

आणि याची किंमत आम्ही खरे रुग्ण मोजतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे केली की आधी माझ्या दंडांकडे बघितलं जातं. नव्या डॉक्टरांकडे गेलो तर 'हे कशाला घेता, सवय लागते' असं ऐकावं लागतं. ज्याला नको त्याला मागितल्याबरोबर, आणि ज्याला हवं त्याच्यावर संशय.

माझ्या मागण्या अशा:

सकाळच्या, उपाशीपोटी केलेल्या दोन तपासण्या आणि एलएच-एफएसएच झाल्याशिवाय पहिली सुई टोचू नका. रुग्णाला अंगाला हात लावून तपासा.

मूल हवं आहे का, हे प्रत्येक पुरुषाला विचारा आणि त्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहा. जोडपं वंध्यत्वाच्या तपासणीला आलं तर बाईंना टेबलावर घेण्याआधी नवऱ्याची औषधं विचारा.

कोणतं एस्टर, किती डोस, किती दिवसांनी, पातळी कोणत्या दिवशी मोजायची आणि सीबीसी कधी, हे रुग्णाच्या भाषेत लिहिलेलं एक कार्ड हातात द्या.

आठवड्याचा डोस हाही पर्याय आहे हे सांगा. ज्याला जमेल त्याला स्वतः टोचायला शिकवा.

लांब पल्ल्याच्या सुईनंतर अर्धा तास बसायला खुर्ची द्या, आणि टोचणाऱ्या सिस्टरना कारण समजावून सांगा.

तुमच्या संघटनांनी लक्षणांच्या यादीवर गिऱ्हाईक ओढणाऱ्या सभासदांना जाहीर समज द्यावी.

यात वैद्यकीय दृष्ट्या काही चुकीचं वाटलं तर तेही उघडपणे लिहा, मी त्याच जागी दुरुस्ती छापीन. बाकी मुद्द्यांवर मला खासगी निरोप नकोत, 'तुम्ही या, आपण बसून बोलू' हेही नको. उत्तर जिथे रुग्ण वाचतील तिथे द्या.

कळावे,

आपला,
इंजेक्शन घेणारा एक रुग्ण